घोडेगावची शांतता

मंचरला नाशिकचा हमरस्ता सोडून डाव्या हाताला वळले की अर्ध्या तासात घोडेगाव येते. वैशाखाच्या अखेरीस तेथील एका जुन्या स्नेह्याकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. घोड नदीच्या काठी वसलेले हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. तहसील कचेरी, न्यायालय, एक बाजारपेठ, नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्ल्या, जुनी देवळे, आणि दुपारी बारानंतर सर्वत्र पसरणारी एक सुस्त, सावलीत बसलेली शांतता. मंचरच्या बाजारातील टेम्पोंचा गलबला पाठीमागे टाकून आलेल्या माणसाला ही शांतता प्रथमदर्शनी फार भावते. मलाही भावली, हे कबूल केले पाहिजे.

स्नेह्याच्या घरी त्याच दिवशी पुण्याहून एक निवृत्त दांपत्य आले होते. नदीकाठी कोठे चार-पाच गुंठे मिळतात का, याची चौकशी करण्यासाठी. पुणे आता चाकणला पोचले आहे, खेडला टेकले आहे, आणि हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना ‘निसर्गाच्या कुशीत बंगला प्लॉट’ अशा पाट्यांची रांग मंचरपर्यंत येऊन ठेपली आहे. घोडेगाव अजून उपनगर झालेले नाही. पण होऊ घातले आहे. सायंकाळी आम्ही सगळे नदीवर गेलो. बंधाऱ्यात तुंबलेले पाणी हिरवे, स्थिर होते. पलीकडे उसाचा पट्टा. गृहस्थ म्हणाले, “इथे काही घडतच नाही, हेच केवढं सुख आहे!” माणूस सालस होता. त्याच्या वाक्यात दुष्टावा नव्हता. तरीही ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखे रुतून बसले, आणि हा लेख त्या काट्याने लिहवला आहे.

काही घडत नाही, असे ज्या नदीकडे पाहून ते म्हणत होते, ती नदी मुळात स्वतःच्या मर्जीने वाहतच नव्हती. घोड नदी उगम पावते ती आहुप्याच्या बाजूला, सह्याद्रीच्या माथ्यावर. घोडेगावच्या वरच्या अंगाला डिंभे येथे ती अडवली आहे. त्यामुळे घोडेगावच्या घाटावरून जे पाणी दिसते ते पावसाळा सोडला तर आवर्तनाचे पाणी असते. केव्हा सोडायचे, किती दिवस सोडायचे आणि कोणासाठी सोडायचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. नदी शांत दिसते कारण तिला वेळापत्रक लावून दिले आहे.

आणि तालुक्याचे नाव आंबेगाव का, हा प्रश्न त्या दांपत्याला पडला नाही. आपल्यापैकीही फारशा कोणाला पडत नाही. तालुक्याची कचेरी घोडेगावात, बाजार मंचरात, मग आंबेगाव कोठे आहे? ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते गाव विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जलाशयात गेले, आणि नाव तेवढे सातबाराच्या माथ्यावर, एस.टी.च्या पाटीवर, मतदारसंघाच्या यादीत तरंगत राहिले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या गावाचे दगड, देवळांचे अवशेष उघडे पडतात. मग वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, हौशी मंडळी पाहायला जातात. पहिला पाऊस झाला की आंबेगाव पुन्हा बुडते, आणि बातमीही बुडते.

या जलाशयाचे अधिकृत नाव आहे ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’. आपल्या वाचकांना बाबू गेनूची ओळख करून देण्याचे कारण नाही. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा शेतकऱ्याचा पोर पोटासाठी मुंबईला गेला, गिरणीत लागला, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विलायती कापडाची मोटार अडवताना तिच्याखाली चिरडला गेला. त्याचे नाव धरणाला देणे योग्यच आहे, असे मी पूर्वी मानत असे. आता जरा विचार करावासा वाटतो. बाबू गेनूला गाव सोडावे लागले ते गावात पोट भरत नव्हते म्हणून. त्याच्या नावाच्या पाण्याने ज्यांची भातखाचरे बुडाली, त्या महादेव कोळ्यांच्या मुलांनाही गाव सोडावे लागते ते त्याच कारणासाठी. फरक इतकाच की, आता मुंबईची गिरणी उरलेली नाही. आता मंचरची कांद्याची काढणी आहे, नारायणगावचा टोमॅटो आहे. नारायणगावला पहाटे मजुरांचा बाजार भरतो. तेथे जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडची आणि शेजारच्या अकोल्याची आदिवासी माणसे कोयता आणि भाकरीचे फडके घेऊन उभी असतात. बागाईतदार येतो, माणसे मोजतो, टेम्पोत भरतो. हा बाजार पाहिल्यावर घोडेगावच्या दुपारच्या शांततेचा एक अर्थ उलगडतो. वरच्या गावांची काम करणारी माणसे कोठेतरी दुसऱ्याच्या रानात वाकलेली असतात, म्हणून येथे आवाज कमी असतो.

कुकडी प्रकल्पात पाच धरणे आहेत. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, आरेवर पिंपळगाव जोगे आणि घोडवर डिंभे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा अशा सात तालुक्यांना हे पाणी जाते. दुष्काळी पूर्वेला पाणी मिळावे, याला समाजवाद्याचा विरोध असण्याचे कारण नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना करमाळ्याच्या शेतकऱ्याला पाण्यापासून दूर ठेवा असे म्हणवणार नाही. डिंभ्यात मावते सुमारे साडेतेरा टीएमसी. गेली काही वर्षे डिंभे ते माणिकडोह असा बोगदा काढून हे पाणी फिरवण्याची योजना गाजते आहे. आंबेगावचे पुढारी म्हणतात, आमचे पाणी पळवतात. नगरचे पुढारी म्हणतात, आमचा वाटा अडवतात. सभा होतात, मोर्चे निघतात, निवडणुकीत त्यावर मते मागितली जातात. ‘आमचे पाणी’ या शब्दाचा उच्चार दोन्ही बाजूंनी होतो. परंतु ज्यांच्या अंगणात ते पाऊस होऊन पडते आणि ज्यांच्या शेतावर ते आज उभे आहे, त्या धरणाच्या वरच्या गावांचा या वादात नामोल्लेखही नसतो. साखर कारखान्याचा सभासद नसलेल्या माणसाला पाण्याच्या राजकारणात जागा नाही, हे या प्रकरणाने स्वच्छ दाखवून दिले आहे.

आणि ही वरची गावे कशी आहेत? सह्याद्रीच्या कुशीतील, धो धो पावसाची. श्रावणात तेथे चार पावलांवरचे दिसत नाही. त्याच गावांतल्या बाया वैशाखात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. खाली धरणात पाणी चमकत असते, पण ते दरीत, आणि गाव डोंगरावर. वीज, पंप आणि नळ या तीन गोष्टींचे अंतर मध्ये आहे. शंभर-दीडशे किलोमीटर लांब कालवे खणणाऱ्या राज्याला हे उभे अंतर तोडता येत नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि त्याबरोबर पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद त्यात आहे. डोंगरावर राहणाऱ्याला डोंगरावरच पाणी लागते, एवढे त्या व्यापाऱ्यांना कळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाच्या बाजूने चालत गेलो. जवळच झाडाखाली एक वयस्कर बाई पिशवी उराशी धरून बसल्या होत्या.

“मावशी, कुठल्या गावच्या?”

“वरच्या अंगाच्या, दादा.”

“काम काय काढलं?”

“नातीचा दाखला. एक कागद कमी हाय म्हणत्यात. मागल्या वारीपण एक कमी व्हता, त्यो आणला. आता दुसरा कमी हाय.”

गाडी संध्याकाळची होती. तोपर्यंत त्या तेथेच बसणार होत्या. त्या कोणावर रागावल्या नव्हत्या, आणि हेच मला अस्वस्थ करून गेले. घोडेगावच्या शांततेत या बसून राहण्याचा वाटा मोठा आहे. हे गाव पुण्याच्या पाहुण्याला विसाव्याचे ठिकाण वाटते, तर वरच्या गावातील माणसासाठी ते सरकारच्या दारातील ओटा आहे.

पण ही माणसे नेहमीच अशी गप्प होती काय? इतिहास तसे सांगत नाही. याच घोड्याच्या (घोडेगावचे हे जुने नाव) महालाच्या कचेरीवर १८३९ मध्ये बंडखोर कोळ्यांनी चाल केली होती. कंपनी सरकारला फौजा आणाव्या लागल्या. पुढे राघोजी भांगरे उभे राहिले आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. बंडाची कारणे होती सावकाराने गिळलेली जमीन आणि सरकारने काढून घेतलेले जुने हक्क. आज सावकाराची चोपडी बदलली आहे, कारणे बदललेली नाहीत. खालून धरणाने जमीन घेतली, वरून १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. मधल्या पट्ट्यात जो उतार उरला त्यावर माणसाने जगावे, अशी ही योजना आहे.

त्या उतारावर जगण्याची एक विद्या या लोकांपाशी आहे. तिला पडकई म्हणतात. डोंगराच्या उतारावर दगडांची ताल घालून मातीचे टप्पे बांधायचे, त्यात भात लावायचे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, असे सगळ्यांनी मिळून करायचे. आपण ‘सहकार’ हा शब्द कारखान्यांच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत वाचतो. त्याचे मूळ पाहायचे असेल तर ते या पडकईत आहे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने डिंभ्याच्या धरणग्रस्तांबरोबर पडकईचे, जलाशयात मासेमारी करणाऱ्यांच्या संघटनेचे, आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर पीक घेण्याच्या हक्काचे काम उभे केले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१२ मध्ये त्याला इक्वेटर पुरस्कार दिला. ज्या जमिनीचा पुरस्कार न्यूयॉर्कला पोचतो, तिचा कसण्याचा हक्क दरसाल विनंती करून का मिळवावा लागावा?

उतारांचे काय होते हे माळीणने दाखवले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. मंत्री आले, वाहिन्या आल्या, नवे माळीण उभे राहिले. तेथील लोकांचा जीव गेला त्याआधी त्या गावाचे नाव घोडेगावच्या बाहेर किती जणांनी ऐकले होते? हिरड्याचेही तेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पश्चिमेकडची हिरड्याची झाडे मोडली. हिरडा हे तेथील रोख उत्पन्नाचे साधन. ऊस जळाला तर पंचनामा चार दिवसांत होतो. हिरडा हे पीकच नव्हे, या सबबीवर कागद अडला. भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

येथे आपल्यालाही काही ऐकून घ्यावे लागेल. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीत जे केले त्याचा वारसा आपण भाषणांतून सांगतो. याच पुणे जिल्ह्यात, मुळशीपासून एका दिवसाच्या प्रवासावर, डिंभे भरले तेव्हा आपल्यापैकी किती जण तेथे होते? काही होते, त्यांना वंदन. बहुतेक जण पूर्वेकडच्या पाण्याच्या न्याय्य मागणीत इतके गुंतलो होतो की, पश्चिमेकडे पाहायचे राहून गेले. पुनर्वसनाचे कायदे झाले, १९७६ चा, १९८६ चा, १९९९ चा. प्रत्येक कायदा आधीच्यापेक्षा बरा होता आणि प्रत्येकाची अंमलबजावणी घोडेगावच्या झाडाखाली येऊन बसली.

म्हणून बोगद्याच्या वादात पक्षाने कोणती बाजू घ्यावी, असे मला विचारले गेले तेव्हा मी म्हणालो, तिसरी. एक थेंबही खाली सोडण्यापूर्वी जलाशयाभोवतीच्या गावांना पिण्यासाठी आणि उपसा सिंचनासाठी पाण्याचा वाटा लेखी ठरला पाहिजे, आणि त्या उपशाच्या विजेचा खर्च प्रकल्पाने सोसला पाहिजे. गाळपेराच्या जमिनीचा हक्क धरणग्रस्तांच्या नावे कायमचा व्हावा. दोन्ही तालुक्यांची पश्चिमेकडची गावे पाचव्या अनुसूचीत आहेत. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे ग्रामसभेचा शब्द चालला पाहिजे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे निकाली निघाले पाहिजेत. कालवा समितीत वरच्या गावांचा प्रतिनिधी बसला पाहिजे. यात क्रांतिकारक असे काही नाही. बहुतेक गोष्टी कायद्यात लिहिलेल्या आहेत.

पक्षाच्या तालुका शाखेचे अभ्यास शिबिर घोडेगावच्या सभागृहात घ्यायचे घाटत होते. नदीकाठ आहे, शांत आहे, जेवणाची सोय आहे, असे मित्राने सुचवले. मी म्हटले, शिबिर ज्येष्ठाच्या आरंभी आहुप्याकडच्या एखाद्या गावात, शाळेच्या पडवीत घेऊ. टँकर येतो त्या सकाळी. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग वहीत गाडीच्या वेळा लिहू लागला.