शेंगा फोडण्याचे यंत्र : आधी पारख, मग पैसा

भुईमूग पेरायचा तर आधी शेंगा फोडून बी काढावे लागते. बीड जिल्ह्यात हे काम आपल्या आयाबहिणींच्या बोटांवरच येते. दिवसभर शेंगा फोडून बोटे सोलून निघतात आणि मजुरी बहुधा मापावर. टरफल मऊ व्हावे म्हणून शेंगांवर पाणी मारतात. पण ओल्या दाण्याला बुरशी धरते, आणि एका जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते.

यावर हाताने चालणारी यंत्रे आहेत. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने बसून चालवायचे आणि उभ्याने चालवायचे अशी दोन यंत्रे बनवली. खाली लांबट भोकांची अर्धगोल चाळणी, वर पुढेमागे झुलणारा दांडा, त्याला ओतीव लोखंडाचे दाते. शेंग मध्ये रगडली की टरफल फुटते. दाणे व फोलपटे एकत्रच खाली पडतात. पाखडायला सूप लागतेच. विजेची गरज नाही.

आफ्रिकेतील माली देशात 2001 साली जॉक ब्रँडिस या गृहस्थाने बायकांचे हेच हाल पाहिले. त्यांनी पुढे सिमेंट-काँक्रीटचे यंत्र घडवले. तासाला सुमारे 50 किलो शेंगा त्यावर फुटतात. म्हणजे मोठा कारखाना नसला तरी गरिबाच्या उपयोगाचे यंत्र बनू शकते.

तरीही भगिनींनो, दुकानदाराच्या सांगण्यावर बचत गटाचे पैसे मोजू नका. आपल्याच शेंगा घेऊन जा. शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे इतकी ती वाळलेली हवी. 10 किलो शेंगा यंत्रात घाला. मग अख्खे दाणे, फुटके दाणे आणि न फुटलेल्या शेंगा यांचे वेगवेगळे वजन करा. दाणे साधारण 7 किलोच्या आसपास भरावेत. फुटके जास्त निघाले तर चाळणी बदलायला सांगा, दाते व चाळणी यांतले अंतर वाढवून पाहा. शेंगा तशाच राहिल्या तर अंतर कमी करा. बियाण्यासाठी अख्खे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आठवड्याने किती उगवले ते मोजा. साल खरचटलेला दाणा कमी उगवतो. शेवटी दोघी-तिघींनी तासभर आळीपाळीने दांडा ओढून पाहा. कंबर दुखली तर ते यंत्र आपले नव्हे.

आणखी एक गोष्ट. हेच यंत्र बागायतदाराच्या वाड्यात गेले तर फोडणाऱ्या बाईची मजुरी जाईल. गटाच्या मालकीचे झाले तर फोडणावळ गटाला मिळेल. दोष यंत्राचा नसतो, समाजरचनेचा असतो, असे बाबासाहेबांनी 1945 च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना सांगितले होते. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळावी, हा त्यांचा आग्रह होता.

तेव्हा यंत्र जरूर घ्या, पण पारखून घ्या, आणि पावती गटाच्या नावावर करा.