बोराट्याच्या नाळेची फेरी : आधी आखणी, मग पायपीट

थंडी पडली की आमच्या कर्वेनगरच्या चालणाऱ्या मंडळींना डोंगर खुणावू लागतात. सिंहगड पाठ झाला, राजगड-तोरणाही झाला. आता जानेवारीत मोहरीहून बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरायचे आणि सिंगापूरच्या नाळेने त्याच दिवशी घाटमाथ्यावर परत चढायचे, असे ठरते आहे. यंदा रमजान फेब्रुवारीत येतो, म्हणजे डिसेंबर-जानेवारी एवढेच दिवस हाताशी आहेत. अनेक वाचकांच्या घरात अशी तरुण मंडळी आहेत आणि त्यांची काळजी करणारे अम्मी-अब्बाही आहेत. म्हणून या वेळचे सदर दोघांसाठी.

सुरुवातीलाच एक सांगतो. ही वाट नवख्यांसाठी नाही. ज्यांनी आठ-दहा तासांच्या डोंगरवाटा अनेकदा केल्या आहेत, उंचीची भीती ज्यांना वाटत नाही, त्यांनीच पुढचा विचार करावा.

गोल फेरीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. गडावर आपण सकाळी ताज्या दमाने चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथे उलटे आहे. सकाळी उतार, आणि सहाशे मीटरहून अधिक चढ दुपारनंतर, पाय बोलू लागल्यावर. दुसरे म्हणजे गडावर कुठूनही मागे फिरता येते. इथे नाळ उतरून लिंगाण्याची खिंड ओलांडली की मागे फिरणे हे पुढे जाण्याइतकेच कठीण. युरोपात माँ ब्लाँ पर्वताभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची प्रसिद्ध फेरी आहे. लोक ती दहा-अकरा दिवसांत करतात. पण तिथे वाटेवर खुणा आहेत, मुक्कामाची घरे आहेत. आपल्या नाळेत खूण म्हणजे कोणी रचून ठेवलेले चार दगड, तेही पावसाने ठेवले तर.

आता वाट. कर्वेनगरहून वारज्याच्या पुलावर यायचे, महामार्गाने नसरापूर, तिथून वेल्हे, आणि पुढे हारपुड, सिंगापूर, मोहरी. शेवटचा रस्ता खराब आहे. साडेतीन-चार तास धरावेत. म्हणून शनिवारी दुपारीच निघून मोहरीत मुक्काम करणे उत्तम. पहाटे पुण्याहून निघून त्याच दिवशी ही फेरी करू पाहणारे अर्धी झोप आणि अर्धा दिवस दोन्ही घालवतात.

मोहरीपासून रायलिंगाचे पठार जवळच. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे रायगड. हे पाहायला लोक लांबून येतात. पठाराच्या बाजूनेच बोराट्याची नाळ खाली घुसते. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली दगडांनी भरलेली घळ. पावसाळ्यात तिथून पाणी कोसळते, म्हणून त्या चार महिन्यांत तिचे नावही काढू नये. खालच्या टप्प्यात नाळ सोडून लिंगाण्याच्या खिंडीकडे आडवे जावे लागते. वाट अरुंद आहे आणि एका बाजूला खोल दरी. खिंडीतून लिंगाणा माची, मग पाने गाव. काळ नदीच्या खोऱ्यातले हे गाव महाड तालुक्यात येते. पुढे दापोली. रत्नागिरीतली नव्हे, ही इथली छोटी दापोली. तिथून सिंगापूरची नाळ चढून परत माथ्यावर. लिंगाण्याचा सुळका चढणे हे दोर आणि साधनांचे वेगळे काम आहे. ते या फेरीत मिसळू नये.

वेळेचा हिशोब कसा करायचा? स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा नियम दिला. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. पण तो नियम बऱ्या वाटेसाठी आहे. नाळेतल्या हलत्या दगडांवर आम्ही दुप्पट-तिप्पट वेळ धरतो. उतारालाही चढाइतकाच वेळ लागतो, कारण खालच्या माणसावर दगड जाऊ नये म्हणून थांबत थांबत उतरावे लागते.

जानेवारीत पुण्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड अकरा तासांचा. आमचा कागद असा आहे. सहा वाजता फजर, साडेसहाला मोहरी सोडायची. साडेसातला नाळेच्या तोंडाशी. साडेदहापर्यंत खिंड. साडेबाराला पाने गाव. तिथे जेवण, पाणी भरणे आणि जोहर. सव्वादोनला दापोलीच्या पुढे नाळेच्या पायथ्याशी. साडेपाचपर्यंत सिंगापूर. गाडी तोवर ड्रायव्हरने मोहरीहून सिंगापुरात आणून ठेवायची. मगरिब वर, मोकळ्या माथ्यावर.

असरचा मुद्दा आमच्यात दरवेळी निघतो. आमच्यात कोकणी शाफई आहेत आणि देशावरचे हनफीही. जानेवारीत शाफई वेळ चारच्या आसपास सुरू होते, हनफी त्यानंतर पाऊण तासाने. दोन्ही वेळा नाळेच्या चढातच येतात. म्हणून चढाच्या मध्ये एक सपाट, सुरक्षित जागा पाहून एकदाच थांबायचे, असे ठरवले आहे. पिण्याचे पाणी वुजूत संपवू नये. पाणी कमी आणि पिण्यासाठीच लागणार असेल तर तयम्मुमची सोय दीनने दिलीच आहे. प्रवासातल्या इतर सवलती आपल्याला कशा लागू होतात, हे निघण्यापूर्वीच आपल्या मौलाना साहेबांना विचारून घ्यावे. डोंगरात उभे राहून त्यावर वाद घालू नये.

वेळापत्रकापेक्षा महत्त्वाच्या दोन वेळा आहेत. पहिली, सकाळचे नऊ. नऊपर्यंत नाळेत उतरायला सुरुवात झाली नसेल, किंवा कोणाची तब्येत बिघडली असेल, तर रायलिंगाचे पठार पाहून परत यायचे. दुसरी, दुपारचे तीन. तीननंतर सिंगापूरच्या नाळेत पाऊल टाकायचे नाही. मग पाने किंवा दापोलीहून मिळेल त्या गाडीने महाड गाठायचे आणि तिथून पुण्याची वाट धरायची. रात्र होईल, भाडे पडेल, सोमवारी कामावर डोळे मिटतील. चालेल. अंधारात नाळ चढण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. या दोन्ही वेळा घरी बसून, शांत डोक्याने ठरवायच्या असतात. तिथे पोहोचल्यावर प्रत्येकाला ‘अजून अर्धा तास’ हवा असतो.

माणसे किती आणि कोण? सहा ते आठ पुरे. गर्दी वाढली की नाळेत दगड वाढतात आणि वेळ लांबते. आमच्याकडे अकरा नावे आली. निकष एकच ठेवला : मागच्या दोन महिन्यांत आतकरवाडीहून सिंहगड एका दिवसात दोनदा, आणि केळदची गोल फेरी. केळदहून उपांड्या घाटाने कर्णवडीला उतरून मढे घाटाने परत चढायचे. हीच पद्धत, पण सौम्य. त्यात दुपारच्या चढाला कोण कसे वागतो ते दिसते. कर्वेनगरकरांना रोजच्या सरावाला म्हातोबाची टेकडी आहेच. पाठीवर सहा किलो घेऊन चढावी.

आमचे सर्वांत ज्येष्ठ चाचा छप्पन्न वर्षांचे. या वेळी गुडघ्याने त्यांना साथ दिली नाही. त्यांना ‘नको’ म्हणणे सोपे नव्हते. पण गोल फेरीला माथ्यावर एक जाणता माणूस लागतोच. आता ते गाडीबरोबर थांबतील. कागदाची एक प्रत त्यांच्याकडे असेल. रात्री आठपर्यंत आम्ही आलो नाही आणि फोनही नाही, तर कोणाला कळवायचे हे त्यांनी ठरवायचे. गावातल्या लोकांना आधी हाक, मग ११२, आणि गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना जोडणारे महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर. नाळेत मोबाइलचा भरवसा नाही, म्हणून हा माणूस हवाच.

एका मुलीच्या अब्बांनी आधी साफ नकार दिला होता. तिच्या अम्मींनी तीनच प्रश्न विचारले. बरोबर कोण? परत किती वाजता? नाही आली तर कोणाला फोन करायचा? तिने हा कागदच त्यांच्यापुढे ठेवला. अब्बांनी तो दोनदा वाचला, चाचांचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घेतला आणि म्हणाले, “आता जा.” तरुणांनी हे लक्षात घ्यावे. ‘काही होत नाही हो’ या उत्तराने घरच्यांची काळजी वाढते. नेमक्या वेळा आणि नेमकी नावे दिली की ती कमी होते.

सामानाचे थोडक्यात. माणशी चार लिटर पाणी. पाने गावात परत भरायचे. खजूर, भाजके चणे, तिळाची चिक्की, ओआरएस. डोक्यावर गिर्यारोहणाचे हेल्मेट. तीस मीटर दोर आणि तो वापरायला शिकलेला माणूस. दोर आहे पण माणूस नाही, तर दोर ओझेच. प्रत्येकाकडे टॉर्च. नाळेत ओळीने, अंतर ठेवून चालायचे आणि दगड सुटला की जोरात ‘दगड!’ ओरडायचे. बहिणींनी सैल पण पायात न अडकणारे कपडे घालावेत. ओढणीचे टोक खोचून ठेवावे. आणि बंधूंनी त्या दिवशी अत्तर घरीच ठेवावे. कड्यांना आग्या मोहोळे असतात. वास आणि धूर त्या माश्यांना खपत नाही.

मोहरीत जेवण आधी सांगून ठेवावे. पिठलं-भाकरी असली की हलाल-हरामचा प्रश्न उरत नाही. मोबदला घासाघीस न करता द्यावा. वाट ठाऊक नसेल तर गावातलाच वाटाड्या घ्यावा. ती वाट त्यांच्या वाडवडिलांनी मीठ-धान्य पाठीवर वाहून राखली आहे.

काही वडीलधारी विचारतात, जीव ही अमानत आहे, मग ती अशी धोक्यात का घालायची? प्रश्न रास्त आहे. आम्हाला वाटते, अमानतीची कदर म्हणूनच हा कागद लिहायचा. उंट बांधल्यावरच तवक्कुल, ही शिकवण आपल्या घराघरात आहे. नऊ आणि तीन या दोन वेळा म्हणजे आमचा दोर. त्या पाळायची तयारी नसेल, तर अल्लाहच्या भरवशाचे नाव घेऊन नाळेत उतरू नये.

हा कागद हाताने लिहून काढावा. एक प्रत घरी फ्रिजवर, एक माथ्यावरच्या माणसाकडे, एक गटाच्या म्होरक्याच्या खिशात. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, रमजानच्या तयारीत शरीराला हळूहळू कसे वळण लावावे, त्याविषयी.