इमारतीचा हिशेब पायापासून हवा

नवे वसतिगृह किंवा बराक उभी राहिली, की आपण पाहुण्यांना गच्चीवरचे सौर पॅनल अभिमानाने दाखवतो. ते योग्यच आहे. पण वीजबचत हा हिशेबाचा एकच भाग झाला. पहिला दिवा लागण्यापूर्वीच सिमेंट, पोलाद आणि विटा तयार करताना मोठे कार्बन उत्सर्जन होऊन गेलेले असते.

सिमेंटचेच पाहा. त्यासाठी चुनखडी व माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. इंधनाचा धूर होतोच. पण त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून सुटतो. साध्या सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे सुमारे ४० किलो वायू हवेत जातो.

म्हणून साहित्य व बांधकाम, वापर व दुरुस्ती आणि अखेरचे पाडकाम असा संपूर्ण आयुष्याचा हिशेब हवा. डेन्मार्कने २०२३ पासून नव्या इमारतींना तो सक्तीचा केला. १००० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींवर मर्यादाही घातली. आपल्या लष्करी शाळांनी आणि छावण्यांनी कायद्याची वाट का पाहावी? प्रत्येक नव्या बांधकामाच्या प्रस्तावात खर्चाच्या आकड्याशेजारी कार्बनचा आकडाही असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा हिशेब नकाशा कागदावर असतानाच करावा. स्लॅब पडल्यावर फारसे काही बदलता येत नाही. जुनी इमारत मजबूत करून भागेल का, हा पहिला प्रश्न. तळघर खरेच हवे का, हा दुसरा. राखमिश्रित सिमेंट चालेल का, हा तिसरा. भारतीय मानकानुसार त्यात ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश वापरता येते.

‘मजबुतीचे काय?’ असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. हे सिमेंट सुरुवातीला सावकाश बळ धरते. त्यामुळे पाणी अधिक दिवस मारावे लागते, सेंट्रिंग काढण्याची घाई चालत नाही. म्हणजे गरज आहे ती वेळापत्रकाच्या शिस्तीची, आणि शिस्त आपल्याला नवी नाही.

कॅडेट मित्रहो, मोहिमेवर निघताना पाठीवरच्या प्रत्येक किलोचा विचार तुम्ही करता. उद्या अधिकारी म्हणून एखाद्या इमारतीच्या प्रस्तावावर सही कराल, तेव्हा तिच्या वजनाचाही विचार करा. ती इमारत पन्नास वर्षे उभी राहील. तिचा भार पुढच्या तुकड्यांवर पडेल.