वर्गातल्या दोन फातिमा

मैत्रिणींनो, मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. यंदा माझ्या वर्गात दोन फातिमा आहेत. हजेरी घेताना मी आपली 'उंच फातिमा', 'बुटकी फातिमा' म्हणून मोकळी होत असे. परवा धाकट्या चणीची फातिमा उभी राहून म्हणाली, "बाई, दोन्ही स्नेहलना तुम्ही आडनावानं हाक मारता. मग आम्हालाच असं का?"

खरं सांगते, मला उत्तर सुचेना!

घरी आले आणि स्वयंपाक उरकून पुस्तकं काढून बसले. फातिमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्या आपल्याकडच्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका. फातिमा जिनांनी १९२३ मध्ये मुंबईत दातांचा दवाखाना काढला. पुढे १९६५ साली पाकिस्तानात त्या अध्यक्षपदासाठी अयूबखानांविरुद्ध उभ्या राहिल्या. हरल्या, पण माघार घेतली नाही. आणि केरळच्या फातिमा बीवी १९८९ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री-न्यायाधीश झाल्या.

दुसऱ्या दिवशी हजेरी पूर्ण नावानं घेतली, आधी दोघींची माफी मागितली आणि या तिघींची हकिगत सांगितली. आमची धाकटी लगेच म्हणाली, "बाई, मी कोर्टातली होणार!"

तुमच्या मुलांची मित्रमंडळी घरी येतात ना? खाऊची बशी पुढं करण्याआधी एकदा पूर्ण नाव विचारा, आणि पुढच्या खेपेला त्याच नावानं हाक मारा. बघा, चेहरा कसा खुलतो ते!