थांबायची ऐपत

खर्चुडी शोधायची तर पावसातच जावं लागतं. फूल कंदिलासारखं, म्हणून तिला कंदीलपुष्पही म्हणतात. ते उमललेलं नसेल, तर गवतात मिसळलेली वेल ओळखू येत नाही. पीएच.डी.च्या दुसऱ्या पावसाळ्यात मी मसाई पठारावर हिंडत होते, तेव्हा शिष्यवृत्तीचा हप्ता आठ महिने थकला होता. पन्हाळ्यापर्यंत एसटी, पुढे वडाप, आणि एकटी बाई पठारावर नको म्हणून धाकटा भाऊ सोबतीला. त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडायचा. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचं नाव आहे; त्याने पाडलेल्या खाड्यांचा हिशेब कुठेच नाही.

माझ्याबरोबर नोंदणी केलेल्या मैत्रिणीने त्याच वर्षी संशोधन सोडून खासगी क्लासमध्ये नोकरी धरली. नेटला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. फरक एवढाच, की आमच्या दारात दोन म्हशी होत्या. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी यायचं. आई म्हणायची, "तुझ्यापेक्षा म्हशी बऱ्या, दहा दिसाला पैसं आणत्यात." ती चेष्टेत म्हणायची, पण माझी पीएच.डी. त्या बिलावरच झाली.

विद्यापीठात गुणवत्तेची परीक्षा होते असं आपण मानतो. शेवटी निकाल लागतो तो थांबायची ऐपत कुणाची आहे यावर.

कोल्हापूरला तरी हे नव्याने सांगावं लागू नये. शाहू महाराजांचा नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश २६ जुलै १९०२ चा; व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या आधीच, १९०१ मध्ये सुरू झालं होतं. खेड्यातून आलेलं पोर राहणार कुठे, जेवणार काय, हा प्रश्न महाराजांना नोकरीच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढं जमल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पूर्ण झाला. ती मदत मिळाली नसती तर?

आज यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७ हजार आहे. आकडा चांगला आहे. पण कोणतीही शिष्यवृत्ती असो, ती किती याइतकंच ती कधी, हेही महत्त्वाचं. वर्षाची रक्कम एकदम जमा झाली, तरी मधल्या अकरा महिन्यांचं खोलीभाडं मागे जाऊन भरता येत नाही.

पदवी हातात आल्यावर तासिका तत्त्व सुरू होतं. घेतलेल्या तासांपुरतं मानधन, सुट्टीत काही नाही, आणि नव्या वर्षी त्याच विषयासाठी पुन्हा मुलाखत. मी अशा सहा मुलाखती दिल्या. त्या काळात नवा शोधनिबंध कोण लिहू शकतं? ज्याला मे महिन्याची चिंता नाही तो. पुढे निवड समिती विचारते, शोधनिबंध किती?

महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजेची तरतूद २०१६ पासून यूजीसीच्या नियमांत आहे. माझी मुलगी झाली तेव्हा मी त्यातले चाळीसच दिवस घेतले. कुणी नको म्हटलं नव्हतं. मला मागायचं धाडस झालं नाही. नियम विद्यार्थिनीने मागायचा नसतो, विभागाने तो नोंदणीच्या दिवशीच तिच्या हातात ठेवायचा असतो.

मागण्या फार नाहीत. शिष्यवृत्ती ठरलेल्या तारखेला, दरमहा यावी. क्षेत्रभेटीचा खर्च, सोबत्याच्या रोजगारासकट, आधी मिळावा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना बारा महिन्यांचं वेतन द्यावं. गावोगावच्या दूध संस्थांना दहा दिवसांचा हिशेब जमतो, तर विद्यापीठीय व्यवस्थेला महिन्याचा का जमू नये?

गेल्या श्रावणात मैत्रिणीने मला एक फोटो पाठवला. माहेरच्या बांधावर खर्चुडी फुलली होती. प्रजाती नक्की करायला मी पुस्तक उघडून पाकळ्यांची टोकं ताडून पाहिली, अर्धा तास गेला. मग लक्षात आलं, फोटोखाली तिने नाव आधीच लिहिलं होतं. बरोबर होतं.