फासा पडण्याआधी

कॅरम खेळणाऱ्या प्रत्येक घराचा एक अलिखित कायदा असतो. एका घरात अंगठ्याने स्ट्रायकर मारलेला चालतो, दुसऱ्या घरात त्यावरून रुसवे-फुगवे होतात. सुट्टीत मामूची, फुफूची मुले जमली की पहिली दहा मिनिटे ‘आमच्याकडे असं नसतं’ यातच जातात. म्हणून आज ज्या खेळाबद्दल लिहीत आहोत तो पुष्कळांना नवा असला, तरी त्यातला वाद ओळखीचा वाटेल.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. खेळ अमेरिकेचा, पण कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या हातून तो आपल्याही घरांत येऊ लागला आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. कुणी म्हणाले, ‘मी दार फोडतो’, तर दार फुटले की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. हार-जीत नसते. गोष्ट पुढच्या आठवड्यात पुढे चालू होते, कधी कधी वर्षानुवर्षे.

नियमांची पुस्तके चांगली जाडजूड आहेत. तरीही बहुतेक गट त्यातले काही गाळतात, काही बदलतात. हे पाहून एखाद्या अब्बूंना वाटते की पोरे पुस्तक बाजूला ठेवून मनाला येईल तसे खेळत आहेत, म्हणजे लबाडीच करत आहेत. आम्हाला तसे वाटत नाही, आणि कारण या खेळाच्या जन्मातच आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये तीन छोट्या पुस्तिका एका खोक्यात घालून हा खेळ विकायला काढला. पहिल्या छपाईत फक्त 1000 प्रती होत्या. पण त्याआधीच आर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांबरोबर ‘ब्लॅकमूर’ नावाचा खेळ खेळत होते, तोही दुसऱ्याच एका युद्धखेळाचे नियम वाकवून. म्हणजे छापील नियम हे मुळात एका घरचे नियम होते. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका गटाने कुलपे उघडणारे, सापळे निकामी करणारे ‘चोर’ हे पात्र तयार केले. त्याची कल्पना गायगॅक्स यांच्या कानावर गेली आणि 1975 च्या पुरवणीत ते छापून आले. आज त्या पात्राशिवाय खेळ कुणाला सुचतही नाही.

मग गायगॅक्स यांचेच मत पालटले. सुरुवातीला लोकांना स्वतःची डोकी चालवायला सांगणारा हा माणूस 1977 ते 1979 मध्ये निघालेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या वेळी सगळीकडे एकच नियम हवेत असा आग्रह धरू लागला. त्यात धंदा होताच, पण एक खरी अडचणही होती. स्पर्धेत अनोळखी लोक एका टेबलावर बसतात. तिथे प्रत्येकाने आपापल्या घरचा कायदा काढला तर खेळ सुरूच व्हायचा नाही. आजही दुकानांत, मेळाव्यांत पुस्तकाचाच नियम चालतो, आणि तो तसाच चालावा.

घरात मात्र नियमाला खेळणाऱ्यांचा अनुभव जोडता येतो. 2014 च्या आवृत्तीत जखमी पात्राला औषधाची बाटली प्यायची असेल तर त्याची त्या पाळीतली मुख्य कृती खर्च व्हायची. एक तर वार करा, नाहीतर औषध घ्या. मुलांना हे कंटाळवाणे वाटे, म्हणून असंख्य टेबलांवर परस्पर ठरले की औषध पिणे हे जाता जाता करायचे छोटे काम मानायचे. 2024 च्या पुस्तकात हाच नियम अधिकृत होऊन आला. दहा वर्षे जे ‘घरचे’ होते ते ‘पुस्तकातले’ झाले!

आम्ही दोष देतो तो वेगळ्याच गोष्टीला. फासा पडल्यावर नियम बदलणे, हा तो दोष. डंजन मास्टर असलेला मोठा भाऊ धाकटीचे पात्र मरू नये म्हणून पडद्याआड फासा उलटा करतो. हेतू प्रेमाचाच असतो. पण शेजारच्या मुलाचे पात्र त्याच फाशावर मेले असेल तर त्याला ते कळल्याशिवाय राहत नाही, आणि तो पुन्हा खेळायला येत नाही. ‘दहा वर्षांखालच्यांचे पात्र मरणार नाही, फक्त बेशुद्ध पडेल’ असे आधी सांगितले असते तर कुणाचीच हरकत नव्हती.

हीच गोष्ट आई-वडिलांनाही लागू. खेळात सैतान आहेत, काल्पनिक देवता आहेत, जादू आहे. हे खटकणारे आपणच पहिले नाही. अमेरिकेत ख्रिस्ती कुटुंबांनी 1980 च्या दशकात एवढी नाराजी दाखवली की 1989 च्या आवृत्तीतून कंपनीने सैतानांची ती नावेच काढून टाकली, आणि पुढे तेच प्राणी वेगळ्या नावांनी परत आणले. कंपनी जे करू शकते ते घरातही करता येते. देवता वगळा, गोष्ट समुद्रप्रवासाची किंवा हरवलेल्या काफिल्याची घ्या. पण हे पहिल्या दिवशी बसून, मुलांशी बोलून ठरवा. तीन महिने रंगलेल्या गोष्टीत अम्मीने मध्येच येऊन अर्धी पात्रे बाद केली तर मुले खेळ थांबवत नाहीत, दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळतात.

राहिला फाशाचा प्रश्न. फासा असलेला कोणताच खेळ घरात नको असे मानणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. यावर निर्णय देण्याची ही जागा नव्हे, आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. आम्हाला एवढेच सांगता येते की 1991 मध्ये ‘अँबर’ नावाचा असाच खेळ निघाला, त्यात फासा मुळीच नाही. कोणत्या पात्राचा कोणता गुण वरचढ आहे यावर निकाल लागतो. शिवाय 1970 च्या दशकाच्या अखेरीस फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीने स्वतःच खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते. ते कात्रीने कापून पेल्यात टाकायचे आणि न बघता एक उचलायचा. आलिमांना विचाराल तेव्हा या तुकड्यांबद्दलही विचारून घ्या.