रुग्णास त्याच्या भाषेत सांगा!

मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहावर ॲझाथायोप्रिन हे औषध देण्यापूर्वी जपानमध्ये एनयूडीटी-१५ या जनुकाची रक्ततपासणी करतात. २०१९ पासून ती आरोग्यविम्यात आहे. आई-वडील दोघांकडून या जनुकाचे विशिष्ट रूप आलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी या औषधाने झपाट्याने घटतात, केसही गळून पडतात. हे रूप जपान्यांप्रमाणे भारतीयांतही आढळते. म्हणजे हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. परंतु अहवालावरील ‘सिस-सिस’ ही अक्षरे पाहून रुग्णाने काय समजावे? ‘हे औषध तुम्हांला घातक आहे, सख्ख्या भावंडांनाही कळवा,’ असे त्यास त्याच्या भाषेत सांगितलेच पाहिजे, हे आमचे स्पष्ट मत आहे. दुभाषा म्हणून शाळकरी मुलाला बसविणे आम्हांस मान्य नाही. शिवाय ते ‘ओकुसुरी तेचो’ या औषधवहीत लिहून घ्यावे. ती वही मात्र आपल्याकडून बहुधा घरीच राहते!